सात वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही), व्हीलचेअर वापरतो. मिशिगनला शिफ्ट होतोय. त्याच्यासाठी सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग व्यक्तीला मदत करायला शिकवलेला कुत्रा, घ्यावा का, आणि शाळेत नेता येतो का?

माझं मत विचाराल तर घ्या, पण त्याआधी घरात एक गोष्ट नक्की करा, कुत्र्याचा पट्टा कोणाच्या हातात असणार. मुलगा सात वर्षांचा आहे म्हणताय, म्हणजे पट्टा तुमच्या दोघांपैकी एकाच्या हातात असणार.

आम्ही कॅलिफोर्नियात कॅनाइन कंपॅनियन्ससाठी पिल्लं वाढवतो. सर्व्हिस डॉग तयार करून देणारी १९७५ पासूनची संस्था आहे, कुत्र्याचे पैसे घेत नाहीत, पण वेटिंग मोठं असतं. पिल्लू आठ आठवड्यांचं असताना येतं, दीडेक वर्षाचं झालं की परत जातं (घर सुनं सुनं होतं हो), मग ट्रेनर लोक त्याला कित्येक महिने शिकवतात आणि तरी बरीच कुत्री पास होत नाहीत. मूल लहान असेल तर ट्रेनिंगला आईवडिलांनाही बसवतात, कमांड द्यायची, कुत्र्याला आवरायचं ते मोठ्या माणसाने शिकायचं. खाणं, फिरवणं, शी उचलणं, व्हेट, रोजची प्रॅक्टिस, हे सगळं तुमच्यावर येणार, तेव्हा दोघंही दिवसभर ऑफिसला असाल तर आधी यावर नीट बोला.

शाळेचं म्हणाल तर गाजलेली केस तुमच्या मिशिगनचीच आहे. एलेना फ्राय, तिलाही सेरेब्रल पाल्सी, आणि तिचा गोल्डनडूडल जातीचा सर्व्हिस डॉग, वंडर. पडलेली वस्तू उचलून द्यायचा, दार उघडायचा, लाइट लावायचा, कोट काढायला मदत करायचा, वॉकर घेऊन चालताना आधार द्यायचा. शाळेचं म्हणणं, मदतीला माणूस दिलाय ना, मग कुत्रा नको. आईवडील कोर्टात गेले तर खालच्या कोर्टांनी सांगितलं की आधी स्पेशल एज्युकेशनची सगळी प्रोसीजर पूर्ण करून या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की तक्रार भेदभावाची असेल, शिक्षणाच्या दर्जाची नसेल, तर ती सक्ती नाही. एडीए, म्हणजे अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या अमेरिकेच्या कायद्यानुसार सरकारी शाळेला सर्व्हिस डॉग येऊ द्यावा लागतो, पण त्याला सांभाळायची जबाबदारी शाळेची नसते. म्हणजे पुन्हा पट्टा कोण धरणार तोच प्रश्न, अ‍ॅडमिशनच्या वेळीच बोलून घ्या.

एवढा व्याप असूनही घ्या म्हणते, कारण दार उघडण्यापेक्षाही मोठा फायदा मला वेगळाच वाटतो. व्हीलचेअर दिसली की लोक नजर चुकवतात, मुलंसुद्धा. कुत्रा सोबत असला की तीच मुलं जवळ येऊन नाव विचारतात. १९८९ मध्ये यावर स्टडी छापून आलाय, शाळेत आणि मॉलमध्ये बघितलं होतं, कुत्रा सोबत असलेल्या मुलांकडे बघून लोक जास्त हसत होते, जास्त बोलत होते. सात वर्षांच्या मुलाला हे हवंच असतं हो.

आणि ऑनलाइन सर्टिफिकेट, आयडी कार्ड विकणाऱ्या साइट्सना एक डॉलरही देऊ नका, एडीएला असलं काही लागत नाही. हॉटेलवाले, दुकानवाले दोनच गोष्टी विचारू शकतात, अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि कोणतं काम शिकलाय. पत्ता पक्का झाला की लगेच कुत्र्यासाठी अर्ज टाका.