सैराट बघून झाला, तसले अजून कुठले पिक्चर बघू?

जात आडवी येते तसल्या प्रेमाचे पिक्चर पायजेत ना, मग फँड्री (2013) बघा की आधी. सैराट (2016) वाले नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आर्ची अकलूजची, त्यामुळं आम्हा सोलापूरवाल्यांना तो घरचाच वाटतो, पण मला विचाराल तर फँड्रीच जास्त लागतो, जब्या शालूशी धड बोलतही नाही आणि डुकरं धरताना वर्गातल्या पोरांनी बघू नये म्हणून लपत फिरतो, त्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, डुक्कर समोर असताना अख्खं घर ताठ उभं!! जुन्यात अछूत कन्या (1936), अशोककुमार-देविका राणी, जरा नाटकी आहे पण चालतंय. सुजाता (1959) मात्र नूतनसाठी चुकवू नका.