उधारीची वही आणि सिमेलचं पुस्तक

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे एम.ए. करायचं म्हणते आणि सध्या समाजशास्त्रज्ञ जॉर्ज सिमेलचं पैशावरचं जाडजूड पुस्तक घेऊन बसते. तुम्ही लिहिलंय, ‘पंचवीस वर्षं किराणा दुकान चालवतोय. पैसा म्हणजे काय, हे जर्मन माणसाच्या पुस्तकात शोधून पोटाला काय मिळणार?’

आधी पोटाचं बघू. नुसत्या सिमेलवर नोकरी मिळत नाही. यूपीएससीच्या समाजशास्त्रात मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन, मीड हे विचारवंत नेमलेले आहेत, सिमेल नाही. प्राध्यापकीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते आणि त्यानंतरही कायम जागेची वाट बघावी लागते. खुद्द सिमेल 1885 पासून बर्लिनमध्ये शिकवत होता, पण पूर्ण प्राध्यापकपद मिळालं 1914 मध्ये, तेही स्ट्रासबर्गला, पंचावन्नी उलटल्यावर. हे तिला आत्ताच सांगा. बचतगट, सूक्ष्मकर्ज, ग्राहकांचा अभ्यास या संशोधनाच्या कामांत मला जास्त वाव दिसतो. तिथे लोकांशी बोलून नीट मुलाखत घेणारी, आकडेवारी हाताळता येणारी मुलं लागतात. एक्सेल तिनं याच वर्षी शिकावं.

पण पुस्तक काढून घेऊ नका. 1900 सालच्या त्या पुस्तकात सिमेल सांगतो की, धन्याला ठरलेला मध, ठरलेल्या कोंबड्या देणारं कूळ त्याऐवजी रोख पैसे द्यायला लागलं, की काय पिकवायचं, काय पाळायचं हे त्याचं त्याला ठरवता येतं. पैसा माणसाला मोकळं करतो. आणि त्याच पैशानं नातं कोरडं होतं. आपली बलुतेदारी आठवा. रोख मजुरी आल्यावर सुतार कुणाचंही काम घ्यायला मोकळा झाला, पण सुगीला खळ्यावरून मिळणारा त्याचा हक्काचा वाटाही गेला.

पैशात सत्ताही असते. मघाशी नाव आलेल्या वेबरच्या मते समोरच्याचा विरोध असला तरी आपलं म्हणणं तडीस नेण्याची शक्यता, ती सत्ता. थकबाकी असलेलं गिऱ्हाईक तुमचं दुकान टाळून पलीकडच्या गल्लीनं जातं ना? आणि गावातल्या बड्या माणसाची उधारी कितीही थकली, तरी तुम्हाला तगादा लावता येत नाही. दोन्ही ठिकाणी पैसे तुमचेच अडकलेत, पण वजन एकदा तुमचं आणि एकदा त्याचं. याची उकल करायला तिला ही पुस्तकं लागतात, आणि पुस्तकात नसलेलं बरंच काही तुमच्याकडे आहे.

म्हणून एक विनंती करते. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस तिला गल्ल्यावर बसवा. क्यूआर कोडवर पैसे टाकून न बोलता जाणारे किती, वहीत मांडायला सांगून घरची खुशाली बोलणारे किती, हे तिनं रोज टिपून ठेवावं. जुन्या वह्याही दाखवा, कुणाच्या उधारीसाठी का थांबलात ते सांगा. लिहिताना गिऱ्हाइकांची नावं मात्र तिनं बदलावीत. त्यातून दहा पानं झाली की मला पाठवा, एम.ए.च्या अर्जाआधी आपण तिघं बसून वाचू.