मिलर फिशर कोण होते? त्यांची ओळख फक्त त्या सिंड्रोमपुरतीच आहे का?

तुम्ही विचारलंय की 'मिलर फिशर सिंड्रोम' हे दोन डॉक्टरांचं नाव आहे का, आणि त्या आजारापलीकडे त्यांचं काही काम आहे का.

डॉक्टर एकच. चार्ल्स मिलर फिशर (१९१३–२०१२). जन्म कॅनडातला, आडनाव फिशर आणि मिलर हे मधलं नाव. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं जहाज बुडालं आणि ते काही वर्षं जर्मनांच्या कैदेत होते. पुढे माँट्रियल आणि नंतर बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल ही त्यांची कर्मभूमी. ज्या आजाराला त्यांचं नाव लागलं, तो त्यांच्या कामाचा एक लहानसा कोपरा आहे. पक्षाघाताबद्दल आज जे गृहीत धरलं जातं, त्यातलं बरंचसं त्यांनी उभं केलं.

सिंड्रोमचं आधी उरकतो. १९५६ साली त्यांनी तीन रुग्णांचं वर्णन केलं: डोळे फिरवता न येणं, चालताना तोल जाणं आणि रिफ्लेक्स नाहीसे होणं. हा गियाँ-बारे सिंड्रोमचाच (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते तो आजार) एक प्रकार. बहुतेक रुग्णांच्या रक्तात जीक्यू१बी या मज्जातंतूंवरच्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. रुग्ण सहसा बरा होतो. पण हातापायांत कमजोरी उतरू लागली किंवा गिळणं अडलं, तर श्वासाचे स्नायूही थकू शकतात. अशा वेळी बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नये, तो फार उशिरा घसरतो. व्हायटल कपॅसिटी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी जास्तीत जास्त हवा, पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

आता मुख्य गोष्ट. १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पक्षाघाताचं कारण कवटीच्या आतच शोधलं जायचं. माँट्रियलला फिशर यांना एक रुग्ण भेटला. लुळी पडली होती डावी बाजू, पण त्याआधी काही वेळा अंधारी आली होती ती उजव्या डोळ्यासमोर. डावी बाजू उजव्या मेंदूच्या ताब्यात असते, आणि उजव्या डोळ्याला रक्त मिळतं ते मेंदूलाही रक्त नेणाऱ्या उजव्या कॅरोटिड धमनीच्या फांदीतून. दोन्ही लक्षणं जोडणारी एकच जागा उरते: मान. शवविच्छेदनात मेंदू काढला जायचा, मानेतल्या धमन्या मात्र तशाच राहायच्या, कारण देह टिकवण्याचं द्रव्य त्यांतूनच भरायचं असे. फिशर यांनी त्या उघडून पाहिल्या आणि तिथे बंद पडलेली कॅरोटिड सापडली. १९५१चा त्यांचा शोधनिबंध हाच. काही मिनिटांत ओसरणारा झटका ही येणाऱ्या पक्षाघाताची सूचना असते, हेही त्यांनी ठासून मांडलं.

इथे रुग्णाला आजाराची हकिगत विचारताना एक चूक हमखास होते. 'डावीकडचं दिसेनासं झालं' असं सांगणारा रुग्ण बहुधा दोष डाव्या डोळ्यातच आहे असं समजतो, पण प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांचं डावं क्षेत्र गेलेलं असू शकतं. म्हणून विचारावं: त्या वेळी एकेक डोळा झाकून पाहिला होता का? डावा झाकल्यावर सगळं स्पष्ट दिसलं, तर दोष त्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्यात. कुठलाही झाकला तरी अर्धंच दिसलं, तर दोष मेंदूच्या मागच्या भागाकडे.

बंद धमनीला एक दिवस वळसा (बायपास) घालता येईल, असंही त्यांनी त्याच निबंधात म्हटलं होतं. १९८५च्या मोठ्या चाचणीत त्या वळशाचा फायदा दिसला नाही. अरुंद झालेली धमनी साफ करण्याचा मात्र दिसला: १९९१च्या चाचणीत लक्षणं असलेल्या ७० ते ९९ टक्के अरुंद कॅरोटिडमध्ये त्याच बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतला धोका २६ टक्क्यांवरून ९ वर आला. पूर्ण बंद धमनीला हे लागू नाही. आणि शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत झाली तर उपयोग सर्वाधिक.

मला सर्वांत थोर वाटतं ते लॅक्यूनचं काम. लॅक्यून म्हणजे मेंदूच्या खोल भागातला, साधारण १५ मिलिमीटरपर्यंतचा मृत ठिपका. शब्द जुना, फ्रेंच, पण त्यामागची रक्ताची नस फारशी कुणी तपासली नव्हती. फिशर यांनी १,०४२ मेंदू पाहिले, त्यांतल्या ११४ मध्ये लॅक्यून सापडले. मग ओळीने पातळ काप घेत, अर्धा मिलिमीटरहूनही बारीक नसांचा माग काढला. काप मध्ये सोडून चालत नाही; अडथळा इतका आखूड असतो की तेवढाच निसटतो. नसेची भिंत कुजून तिथे चरबीसारखा थर बसलेला त्यांना दिसला, आणि मागे बहुधा उच्च रक्तदाब होता.

यातून खाटेजवळ वापरायची खूण मिळाली. चेहरा, हात, पाय एकाच बाजूचे कमजोर. भाषा, संवेदना आणि दृष्टिक्षेत्र मात्र शाबूत, तर लॅक्यूनचा संशय घ्यावा. शब्द सापडत नसतील किंवा रुग्ण एका बाजूकडे लक्षच देत नसेल, तर घाव बहुधा मेंदूच्या वरच्या थरात आहे. तरी हे निदान झालं म्हणून मानेतल्या धमन्यांची आणि हृदयाच्या ठोक्यांची तपासणी टाळू नये. अशीच लक्षणं इतर कारणांनीही येतात.

लहान मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दलची त्यांची शिकवण थोडक्यात: उलट्या होतायत, हातापायांत ताकद आहे, तर आधार देऊन उभं करून पाहा. पडल्यापडल्या तपासलेला रुग्ण ठीक वाटतो, उभा मात्र राहू शकत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचतो.

'फिशर ग्रेड' १९८०चा. धमनीचा फुगा फुटल्यावर सीटी स्कॅनवर रक्ताचा थर पाहून पुढे नसा आकसतील का, हे सांगण्यासाठी तो बनवला. तो साध्या चढत्या शिडीसारखा वाचणं चूक आहे: सर्वाधिक धोका ग्रेड ३चा, म्हणजे जाड गोठलेल्या थराचा होता, ४चा (मेंदूत किंवा त्याच्या पोकळ्यांत रक्त) नव्हे. म्हणून अहवालात नुसता आकडा पुरत नाही. थर कुठे आहे, किती जाड आहे आणि मेंदूच्या पोकळ्यांत रक्त उतरलंय का, हे शब्दांत लिहावं.