फोटोतला मासा नवीन प्रजाती आहे, हे ठरतं कसं?

डायव्हिंग करताना प्रवाळात टिपलेला मासा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, मग तो नवीन प्रजाती म्हणून जाहीर करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या फोटोवर घाई करू नका. फेअरी रॅस या प्रवाळातल्या रंगीबेरंगी छोट्या माशांसारख्या माशांत मादीचा पुढे नर होतो आणि रंगही पालटतो. त्यामुळे वेगवेगळे वाटणारे मासे एकाच प्रजातीचे पिल्लू, मादी आणि नर निघू शकतात.

उलटंही होतं. मालदीवचा ‘सिरिलाब्रस फिनिफेन्मा’ हा फेअरी रॅस 1990च्या दशकापासून संशोधकांच्या हाती होता. पण तो ‘सिरिलाब्रस रुब्रिस्क्वामिस’चाच प्रौढ मासा समजला जाई. त्या जुन्या प्रजातीचं 1983 मधलं वर्णन चागोस बेटांजवळच्या एकाच पिल्लावर बेतलेलं होतं, आणि चागोस मालदीवच्या दक्षिणेला शेकडो किलोमीटरवर! पुढे प्रौढ नरांचे रंग, पाठीवरच्या पराच्या काट्यांची उंची, अंगाच्या निरनिराळ्या भागांवरचे खवले आणि डीएनए असं सगळं ताडून पाहिलं, तेव्हा दोन्ही प्रजाती वेगळ्या ठरल्या. 2022 मध्ये वर्णन प्रसिद्ध झालं. लेखकांत मालदीवचे अहमद नजीब होते; मालदीवच्या संशोधकाने वर्णन केलेली तिथल्या माशाची ही पहिलीच प्रजाती. मला मात्र एक गोष्ट मनाला फार लागते: शास्त्रीय नाव मिळायच्या आधीच हा मासा मत्स्यालयांच्या बाजारात विकला जात होता. ज्याला नाव नाही, त्याची किती पकड होते याची नोंद तरी कोण ठेवणार?

म्हणून खरं काम नमुन्यावर होतं. नमुना टिकवायच्या फॉर्मलिन या द्रावणात रंग उडतात, म्हणून पर पसरवून ताज्या माशाचा फोटो आधी घ्यायचा. तो डाव्या बाजूचा असतो, त्यामुळे डीएनएसाठी पराचा तुकडा उजवीकडून कापतात आणि अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मलिनने डीएनए खराब होतो. मग भिंगाखाली पराचे काटे, खवले मोजत बसायचं. नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो होलोटाइप. तो संग्रहालयात राहतो, म्हणजे पुढे कुणालाही शंका आली तर ताडून पाहता येतं.

तुम्ही स्वतः मासा पकडू नका, परवानगीशिवाय तर मुळीच नाही. जागा, खोली, तारीख लिहून ठेवा आणि त्या थव्यातल्या इतर माशांचेही फोटो शोधा. सगळ्यात झगमगीत नराशेजारचे फिकट मासे आपण सोडून देतो, आणि ओळख पटवताना नेमके तेच लागतात. हे सगळं मत्स्यशास्त्रज्ञाला मूळ फाइलींसकट पाठवा.