शुगर असलेल्या आईच्या टाचांच्या भेगांसाठी नागपूरला नेऊन फूट स्पा किंवा पेडिक्युअर करावं का?

नका नेऊ.

शुगर किती वर्षांची, गोळ्या कोणत्या, स्पाचं पॅकेज केवढ्याचं, सगळं तुम्ही लिहिलंय. आईच्या तळपायाला स्पर्श कळतो की नाही, तेवढं राहिलं. आधी ते बघा, भेगांचं नंतर.

आम्ही आर्वी तालुक्यातले, घरी कापूस नि तूर. माझ्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, जुनी शुगर. तूर सोंगून झाली होती, वावरात चक्कर मारताना एक धसकट स्लिपरचा तळ फोडून पायात घुसलं. संध्याकाळी सारवलेल्या ओसरीवर रक्ताचे ठसे सासूबाईंना दिसले, तेव्हा मामाजी निवांत चहा पीत बसलेले. म्हणे, "दुखूनच नाही राह्यलं, त डाक्टरले काय दाखवाचं?"

दुखायला हवं होतं आणि दुखत नव्हतं, म्हणूनच दाखवायचं. सर्जननी डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक धागा, १० ग्रॅम दाबाला वाकतो तो, तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. बोटांखाली कुठेच मामाजींना तो कळला नाही. जखम साफ केली, अंगठ्याखालची जाड भोवरी तासली, जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून सांगितलं. आणि चप्पल लिहून दिली एमसीआरची, म्हणजे मऊ मायक्रोसेल्युलर रबराची. कुष्ठरोग्यांना देतात तीच.

झालं! भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, नागपूरहून आले आणि ओट्यावरच सुरू झाले. "हे चप्पल पाहून लोकं काय म्हनतीन? आपल्या घरी कोनाले महारोग झाला?" वर्धा जिल्ह्यात जन्मलेला माणूस हे बोलतो! सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ पासून आहे. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कधीच दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत. नसा बधिर झाल्यामुळे काटा, खडा, चटका काहीच कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय जातो. शुगरने नसा मेल्या की अगदी तसंच होतं. मग चप्पल वेगळी कशाला हवी?

भासऱ्यांनी महागडे स्पोर्ट शूज पाठवले, ते खोक्यातच आहेत. पुढे मामाजी नागपूरला गेले तेव्हा जाऊबाईंनी पाय बघून त्यांना एका पार्लरमध्ये नेलं. कढत पाण्याच्या टबात पाय, मग टाचेवर ब्लेडची खवणी. मामाजी खूश, "लय बरं वाटलं". घरी आले तर टाचेच्या तळाला फोड आणि बाजूची कातडी सोललेली. पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा एस.टी.च्या चकरा. भासरे आजही सांगतात की फोड चपलेच्या पट्ट्याने आला. पट्टा टाचेच्या मागे असतो हो, फोड खाली होता!

बरं, भेगा. पाय साध्या पाण्याने धुवा, पाणी किती ऊन ते आपल्या कोपराने बघा, आईच्या पायाने नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या ठरलेल्या. टाचेला व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम, घरचं खोबरेल किंवा एरंडीचं तेलही चालतं. बेचक्यांत मात्र काही लावू नका. नखं सरळ कापा, कोपऱ्यात कोरू नका. मेडिकलमधली कुरूपाची पट्टी शुगरवाल्याच्या पायाला कधीच नाही, तिच्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही खातं. मुंग्या येतात म्हणून शेकायचं नाही. आणि मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, शेगावला अनवाणी पायी, हे बंद. महाराज रागावणार नाहीत.

पोडियाट्रिस्टची, म्हणजे खास पायाच्या डॉक्टरची, पाटी आपल्याकडे शोधत बसू नका. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला सर्जरीच्या ओपीडीत जाऊन पायाची तपासणी मागा. पाय अचानक गरम, लाल आणि सुजलेला वाटला तर न दुखताही त्याच दिवशी जा.

काशाच्या वाटीने तूप चोळणं, मसाज वगैरे तुम्ही विचारलंय. झोप चांगली लागते, मी स्वतः करते. मेलेली नस त्याने जागी होते असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

हे सगळं शुगरवाल्या पायासाठी, तेही आमच्या घरच्या अनुभवावरून. मी डॉक्टर नाही. तपासणीत आईला धागा सगळीकडे कळला, जखम नसली, रक्तपुरवठाही चांगला निघाला, तर पेडिक्युअरला माझी ना नाही, फक्त कढत पाणी आणि ब्लेड नको म्हणून आधीच सांगा. तुम्हाला शुगर नसेल तर तुम्ही खुशाल करा.

चप्पल घेतलीच तर मागे पट्टा असलेली घ्या. बधिर पायातून बिनपट्ट्याची निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत जातो. शिलाई उसवली तर गावात दुरुस्तीला टाकताना खिळा मारू नको म्हणून बजावा, चिकटवूनच घ्या. आमच्याकडे भासऱ्यांनीच एकदा तळाला खिळे ठोकून आणले होते, "मजबूत" म्हणून.