लेस्टरला निघालात? भारतावरच्या डॉक्युमेंटरी आधी पूर्ण बघा

तुम्ही सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या पाचपाखाडीहून इंग्लंडमधल्या लेस्टरला निघताय. ब्रिटनच्या टीव्हीवर भारत म्हणजे दंगली, बलात्कार आणि जात एवढंच दिसतं असं तुम्ही ऐकलंय, आणि ऑफिसात कुणी विषय काढला तर काय बोलायचं, असं विचारलंय. बोलायच्या आधी, ज्या डॉक्युमेंटरीचा विषय निघेल ती पूर्ण बघा. आपली माणसं नेमकी इथेच अडकतात. समोरचा ती बघून आलेला असतो, आणि आपण फक्त तिच्यावरचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संताप वाचलेला असतो.

आपण न बघताच चिडतो याला कारण आहे. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांची १९६९ची सात भागांची 'फँटम इंडिया' बीबीसीने दाखवल्यावर १९७०मध्ये भारत सरकारने बीबीसीचं दिल्लीचं ऑफिस बंद करायला लावलं, ते १९७२मध्ये पुन्हा उघडलं. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्कारावरची 'इंडियाज डॉटर' २०१५मध्ये भारतात दाखवू दिली नाही. जानेवारी २०२३मध्ये गुजरात दंगलीतल्या मोदींच्या भूमिकेवरच्या बीबीसीच्या 'इंडिया: द मोदी क्वेश्चन'च्या लिंक यूट्यूब आणि ट्विटरवरून काढायला लावल्या. बंदीमुळे परदेशातल्या आपल्याच लोकांचे हात बांधले जातात, असं माझं ठाम मत आहे. न पाहिलेल्या गोष्टीला उत्तर कसं देणार?

बीबीसी आयप्लेअर (बीबीसीचे कार्यक्रम बघायचं अ‍ॅप) किंवा कुठल्याही चॅनलचं थेट प्रक्षेपण बघायचं तर टीव्ही लायसन्स, म्हणजे पैसे भरून घ्यायचा परवाना, लागतं. चॅनल फोरचे जुने कार्यक्रम त्यांच्या अ‍ॅपवर बघायला लागत नाही. घर शेअर करणार असाल तर भाडेकरार बघा: सगळ्यांचा एकच करार असेल तर एक लायसन्स पुरतं, खोलीगणिक वेगळा करार असेल तर तुमचं तुम्हाला घ्यावं लागतं.

बघताना हेडफोन लावा. इंग्रजी आवाज चढायच्या आधी माणसाचं मूळ बोलणं दोन-तीन सेकंद स्वच्छ ऐकू येतं, मग ते खाली दबून चालू राहतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ते कळत नाही, तुम्हाला मराठी-हिंदी दोन्ही कळतं. बाई म्हणते, 'शेजारी सांगत होते की जमाव आला', आणि इंग्रजीत फक्त 'जमाव आला' उरतं. ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची झाली. अशा जागेची मिनिटं-सेकंद लिहून ठेवा. जुनं फुटेज आलं की कोपऱ्यात साल आणि गाव दिलंय का तेही बघा. नसेल तर ती दृश्यं त्याच घटनेची आहेत असं धरून चालू नका. आणि शेवटची पाटी सोडू नका. ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच असतं, किंवा त्यांनी उत्तर दिलं नाही एवढी नोंद असते.

बऱ्याच गोष्टी वाईट हेतूने नाही, तर कामाच्या पद्धतीमुळे सुटतात. जाहिराती असलेल्या चॅनलवर तासाभराच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष मजकूर जेमतेम ४७ मिनिटांचा. परदेशी टीमला पत्रकार व्हिसा आणि शूटिंगची परवानगी लागते, ती मिळाली नाही की जुन्या फुटेजवर आणि परदेशात बसलेल्या तज्ज्ञांवर भागवावं लागतं. जो अस्खलित इंग्रजी बोलतो त्यालाच जास्त वेळ मिळतो. भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला दोन वाक्यं, दिल्लीच्या प्राध्यापकाला दहा.

पण दाखवलं ते खरं असेल तर खरं म्हणा. देशाची वकिली करायला तुम्हाला कुणी पाठवलेलं नाही. नेमकं माहीत असलेलं सांगा. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीचं विचारलं, तर श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवलेत: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा अज्ञात. गुजरात २००२साठी सरकारने २००५मध्ये राज्यसभेत दिलेला आकडा ७९० मुस्लिम आणि २५४ हिंदू मृत, २२३ बेपत्ता. मोदींविरुद्ध खटल्याजोगा पुरावा नाही म्हणणाऱ्या एसआयटीच्या (विशेष तपास पथकाच्या) अहवालाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२मध्ये फेटाळली, आणि २०२३च्या 'मोदी क्वेश्चन'ने मोदींना जबाबदार धरणारा ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा २००२चा अहवाल पुढे आणला. दोन्ही गोष्टी सांगा. आपल्याला सोयीची तेवढीच सांगितली तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही.

लेस्टरमध्ये हे जरा जास्तच जपून. २०२२च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भारत-पाकिस्तान सामन्यानंतर तिथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांत तणाव पेटला होता. लंचच्या टेबलावर तुमच्याशेजारी त्याच गल्लीतलं कुणी बसलेलं असू शकतं.

तिथे राहणाऱ्या भारतीयांना मुलाखतीसाठीही विचारणा होते. ऑफकॉमच्या (ब्रिटनमधल्या प्रसारण नियामक संस्थेच्या) नियमांप्रमाणे कार्यक्रम कशावर आहे, का केला जातोय, कुठे आणि साधारण कधी दाखवणार, तुम्हाला कोणत्या विषयावर विचारणार, हे आधी कळायला हवं. हे सगळं ईमेलवर मागून घ्या, मगच रिलीज फॉर्मवर (तुमची मुलाखत वापरायला संमती देणाऱ्या कागदावर) सही करा. संपादित भाग आधी बघायला मिळेल का, हेही तेव्हाच विचारा. ठाण्यात राहणारे आईवडील, त्यांच्या सोसायटीचं नाव, घराचा फोटो यांतलं काहीही कॅमेऱ्यासमोर नको.

आणि कार्यक्रमात खरोखर चूक सापडली तर फेसबुकवर भांडण्यापेक्षा तक्रार करा. बीबीसीची तक्रार आधी बीबीसीकडेच, प्रक्षेपणापासून ३० कामाच्या दिवसांत. उत्तर पटलं नाही तर त्यांच्याच वरच्या तक्रार विभागाकडे, आणि त्यानंतर ऑफकॉमकडे. इतर चॅनलसाठी थेट ऑफकॉम, मुदत २० कामाचे दिवस. 'भारताची बदनामी केली' एवढ्यावर काही होत नाही. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, कितव्या मिनिटाला काय म्हटलं आणि ते चूक असल्याचा पुरावा द्या. डबिंगची चूक असेल तर मूळ वाक्य आणि त्याचं सरळ भाषांतर सोबत जोडा.