दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का? दादरहून जर्मनीला निघालेल्यांना उत्तर

तुम्ही विचारलंत, जर्मनीत आता दुहेरी नागरिकत्व चालतं, मग दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का? आणि बाळ तिकडे झालं तर ते जर्मन का?

पासपोर्टचं उत्तर नाही. जून 2024 पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही, हे खरं. पण अडतं आपल्याकडे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार, स्वतःहून परदेशी नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व संपलं. मग पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) काढायचं. त्यावर मुंबईत खुशाल राहा, फ्लॅट घ्या; मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळते, तेव्हा गावच्या सातबाऱ्यासाठी झोप उडवून घेऊ नका.

जर्मन नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचं वास्तव्य, बी1 (म्हणजे मध्यम) पातळीची जर्मन भाषा, स्वतःच्या कमाईवर चालणारं घर आणि 33 प्रश्नांची परीक्षा. 17 बरोबर आले की पास, शिवाय प्रश्नसंच आधीच मिळतो. घाम फोडते ती भाषा. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी सवलत 2025 मध्ये रद्द झाली. एजंट अजून तेच सांगत असेल तर एजंट बदला.

आता बाळाचं. 1913 च्या कायद्यापासून तिकडे रक्ताचं नातंच बघत. 1974 अखेरपर्यंत आई जर्मन आणि नवरा परदेशी असेल, तर त्यांचं मूल सहसा जर्मन धरत नसत! परदेशी आईबापांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना दार उघडलं ते 2000 मध्ये. आज दोघांपैकी एकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा परवाना, दोन्ही हवं. तुमचं बाळ दुसऱ्याच वर्षी झालं तर ते जर्मन नाही. भारतीयत्वही आपोआप मिळत नाही. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी करा, नाहीतर पुढे दिल्लीची परवानगी लागते.

निघण्याआधी तुमचे स्वतःचे जन्मदाखले काढून बघा. हॉस्पिटलची नोंद बारशाआधीच जाते, म्हणून जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा बरेचदा कोरी असते. ते नाव चढवायला जन्म झाला त्या वॉर्डच्या ऑफिसात जावं लागतं, राहता त्या नव्हे. आणि अपोस्टिलवर (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकार मारतं त्या शिक्क्यावर) पैसे घालवू नका: भारताचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही, त्यांची कागद पडताळणी वेगळी असते आणि तिला वेळ लागतो.